नेहमीचं तेल

गाडीच्या इंजिनात तेल असतं आणि ते ठरावीक मैलांनी बदलायचं असतं, हे आपल्यापैकी प्रत्येकाला अमेरिकेत आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत कळतं. कुणाला मित्राकडून कळतं, कुणाला डॅशबोर्डवरचा लाल दिवा शिकवतो. पण मागच्या दोन चाकांच्या मधोमध, गाडीच्या पोटाखाली, छोट्या कलिंगडाएवढा एक लोखंडी गोळा असू शकतो आणि त्याच्याही पोटात तेल असतं, हे आपल्या मंडळाच्या सभासदांना विचारून पाहा. निम्मे डॉक्टर आणि पाऊणशे टक्के सॉफ्टवेअरवाले तुमच्याकडे टकामका बघत राहतील. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या बहुतेकांच्या कॅमरी, अकॉर्ड आणि सिएना पुढच्या चाकांवर चालतात, आणि तो गोळा त्यांच्यात गिअरबॉक्सच्याच घरात भाडेकरूसारखा राहतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र त्याचं स्वतंत्र बिऱ्हाड असतं. त्याचं नाव डिफरन्शियल.

या गोळ्यात कुठलं तेल घालायचं, या एका प्रश्नानं २०२३ सालच्या शरद ऋतूत आमच्या रॉचेस्टरमधली दोन घरं जवळजवळ तीन आठवडे व्यापून टाकली होती. आता यांत्रिक अभियंत्यानं तेलावर लिहायला घेतलं म्हणजे एरंडाचं गुऱ्हाळ होणार, अशी भीती आमच्या सौ.नी आधीच व्यक्त केली आहे. तरीही सांगतो, कारण प्रश्न तेलाचा असला तरी तो सुटेपर्यंत एका आईची झोप उडाली होती.

आधी हा गोळा करतो काय ते पाहू. शाळेत लेझीमची रांग वळताना आठवते का? आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरच्या टोकाचा बिचारा धावत सुटतो. दोघांनी सारखीच पावलं टाकली तर रांग मोडते. गाडी वळते तेव्हा तिच्या चाकांचंही असंच होतं. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. आमच्या आजोबांच्या बैलगाडीला ही अडचण नव्हती. तिची दोन्ही चाकं कण्यावर आपापली मोकळी फिरत आणि ओढायचं काम बैल करत. अडचण सुरू झाली ती चाकांनाच ढकलायला लावलं तेव्हा. एकाच इंजिनाची ताकद दोन चाकांना द्यायची, आणि तरी दोघांना आपापल्या वेगानं फिरू द्यायचं! फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीनं १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी यावर गिअरची युक्ती काढली. जवळजवळ दोनशे वर्षं झाली, युक्ती मुळात तीच आहे.

तेलाचा प्रश्न मात्र अलीकडचा, आणि त्याचं मूळ आमच्याच गावात आहे. रॉचेस्टर म्हटलं की लोकांना कोडॅक आणि झेरॉक्स आठवतात. पण इथे विल्यम ग्लीसन यांनी १८६५ साली काढलेला ग्लीसन वर्क्स नावाचा कारखाना आहे, आणि तिरक्या दातांचे गिअर कापण्याची यंत्रं बनवण्यात त्यानं जगात नाव मिळवलं. विल्यम यांची मुलगी केट १८८४ साली कॉर्नेलमध्ये यंत्रशास्त्र शिकायला गेली. बायकांनी यंत्रशास्त्र शिकणं म्हणजेच मोठी गोष्ट, असा तो काळ. पुढे बापाच्या कारखान्याची यंत्रं तिनं देशोदेशी विकली. आज रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला तिचं नाव आहे. आपल्या मंडळातली तीन-चार मुलं तिथे शिकून गेली, पण केट कोण होती हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

१९२०च्या दशकात या कारखान्यानं हायपॉइड नावाचा गिअर आणला आणि पॅकार्ड कंपनीनं तो आपल्या मोटारीत वापरला. इंजिनाकडून येणारा दांडा मोठ्या चक्राच्या बरोबर मध्यावर न येता थोडा खाली येतो, एवढीच त्यातली गोष्ट. दांडा खाली आला, गाडीची जमीन खाली आली, गाडी बसकी आणि देखणी झाली. पण या सोयीची किंमत दातांना मोजावी लागली. साध्या गिअरचे दात बहुतांशी एकमेकांवरून लोळतात. हायपॉइडचे दात लोळता लोळता एकमेकांवर जोरात घासतातही, स्क्रू आवळावा तसे. त्या रगड्यात साध्या तेलाचा पापुद्रा पुसला जातो आणि लोखंडाला लोखंड भिडतं. म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळतात. दात तापले की ही संयुगं पोलादाच्या पृष्ठभागाशी संयोग पावतात आणि तिथे एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. तेल हटलं तरी तो थर मध्ये उभा राहतो. गिअर ऑइलला तो जो उग्र वास येतो, तो या गंधकाचा.

एवढी पार्श्वभूमी पुरे. आता गाडी.

माझा मित्र १९८५ साली एम.एस. करायला या देशात आला आणि १९९४ साली त्यानं एक गोष्ट केली जी आमच्या पिढीतल्या कुणीच केली नव्हती. घराचं कर्ज डोक्यावर असताना त्यानं दोन सीटची, उघड्या टपाची, लाल रंगाची माझदा मिआटा घेतली. आम्ही सगळे तेव्हा व्हॅन घेत होतो. दोन सीट! "सासू-सासरे आले तर कुठे बसवणार?" असं वहिनींनी विचारल्याचं अजून आठवतं. "आळीपाळीनं," असं त्याचं उत्तर होतं, आणि खरोखरच त्यानं १९९८च्या उन्हाळ्यात सत्तरीच्या सासूबाईंना नऊवारीत, डोक्याला स्कार्फ बांधून, लेक ऑन्टॅरिओच्या काठानं फिरवून आणलं होतं.

मिआटा ही काही फार ताकदवान गाडी नाही. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली तेव्हा तिचं इंजिन १.६ लिटरचं होतं. १९९४च्या मॉडेलला १.८ लिटरचं आलं, तरी ताकद १२८ अश्वशक्ती. पण वजन एक टनाच्या आसपास, ओढ मागच्या चाकांची, आणि वळणावर जणू हातात घातलेल्या मोज्यासारखी. माझ्या मित्रानं ती सव्वीस वर्षं स्वतःच्या हातानं सांभाळली. गॅरेजमध्ये खिळ्याला एक लाल बांधणीची, किराणा दुकानात असते तशी खतावणी टांगलेली असे. पहिल्या पानावर 'श्री', आणि पुढे तारीख, मैल, केलेलं काम. सगळं मराठीत. 'पुढचे ब्रेक पॅड बदलले.' 'बॅटरी नवी.' 'छपराची काच शिवून घेतली.' त्याची मुलगी आठ वर्षांची असल्यापासून गाडीखाली टॉर्च धरून बसायची. पाना कुठला ते वडिलांनी सांगण्याआधी तिच्या हातात तयार असे.

२०२० साली तो गेला. त्या वर्षी माणसं जशी गेली तशीच, दवाखान्याच्या काचेपलीकडे. आम्ही कुणी खांदाही देऊ शकलो नाही.

गाडी तीन वर्षं गॅरेजमध्ये चादरीखाली उभी होती. वहिनींना ती विकायची होती आणि विकवतही नव्हती. मुलीला फीनिक्समध्ये नोकरी लागली तेव्हा ती म्हणाली, "आई, मी बाबांची गाडी घेऊन जाते. चालवत." रॉचेस्टर ते फीनिक्स सुमारे सव्वादोन हजार मैल. एकोणतीस वर्षांची जुनी गाडी, तीन वर्षं न हललेली, आणि तिच्यात एकटी मुलगी. वहिनींनी मला बोलावलं, चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "भावजी, मला गाडीतलं काही कळत नाही. तुम्ही पाहा. तुम्ही ठीक आहे म्हणालात तरच मी तिला जाऊ देईन. नाही म्हणालात तर उद्या विकून टाकते."

असा शब्द आपल्यावर टाकला की माणसानं डोळ्यांत तेल घालून पाहिलं पाहिजे. टायर, ब्रेक, टायमिंग बेल्ट, नळ्या, कूलंट ही कामं आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडून नीट करून घेतली. राहिलं मागचं तेल. ते मुलीला स्वतः बदलायचं होतं. "बाबा नेहमी स्वतः करायचे, काका. मला त्यांनी घातलेलंच ऑइल घालायचंय."

खतावणी काढली. २०१८च्या मे महिन्यात नोंद होती: 'मागचं तेल बदललं. नेहमीचं.'

नेहमीचं म्हणजे कुठलं? मागे गेलो. २०१३: 'मागचं तेल. नेहमीचं.' २००८: तेच. २००३च्या नोंदीत तेवढं 'मागचं तेल बदललं, ९० नंबर' असं होतं. आपल्याकडे ट्रकवाले आणि एसटीच्या डेपोतले मेकॅनिक म्हणतात तसं. गॅरेजमधल्या फळीवर बाटली नव्हती, पावती नव्हती. सव्वीस वर्षांच्या टापटिपीत नेमकी हीच एक गोष्ट त्यानं लिहायची गरज मानली नव्हती. ती त्याला पाठ होती.

त्या आठवड्यात मंडळाचा दसऱ्याचा कार्यक्रम होता. तिथे हा विषय निघाला आणि जितकी डोकी तितकी तेलं निघाली. एकानं सांगितलं, सगळ्यात महाग ते घे, मुलीचा प्रश्न आहे. दुसरे म्हणाले, ॲरिझोनात जाणार, उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो, तर जाड म्हणजे १४० नंबर घाला. तिसऱ्यांच्या मते स्पोर्ट्स कार म्हणजे 'लिमिटेड स्लिप'ची वेगळी बाटली मिसळल्याशिवाय चालणारच नाही. पार्ट्सच्या दुकानातल्या तरुणानंही तीच बाटली पुढे केली. सगळ्यांचा हेतू चांगला होता. पण तेल हे काही आहेर नव्हे, की मन मोठं तेवढं मोठं पाकीट. आत कुठला गिअर बसलाय आणि तो काय मागतो, हे पाहून ते ठरतं. म्हणून आम्ही प्रश्नाचे तीन तुकडे केले.

पहिला तुकडा: प्रत. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मोजणीत गिअर ऑइलला जीएल आणि एक आकडा असतो. आज दुकानात दिसतात ते मुख्यतः जीएल-४ आणि जीएल-५. दोन्हींत ते गंधकाचं औषध असतं, जीएल-५ मध्ये जास्त. हायपॉइडच्या रगड्याला जीएल-५ लागतं. इथे एक धोक्याची सूचना. जास्त आकडा म्हणजे सगळीकडे चांगलं, असं नाही. हाताच्या गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या असतात. गिअर बदलताना त्यांनी एकमेकांना थोडं पकडावं लागतं. त्या बऱ्याच गिअरबॉक्सना जीएल-४ मानवतं, कारण फार निसरड्या तेलात कड्यांची पकड सुटते. ज्या त्या गाडीचं पुस्तक पाहावं. पण मागच्या गोळ्यापुरता आमच्या गाडीच्या पुस्तकात संदेह नव्हता: जीएल-५.

दुसरा तुकडा: जाडी. पुस्तक म्हणतं, उणे १८ अंशांच्या वर ९० नंबर, त्याच्या खाली ८० डब्ल्यू. हे वाचून मुलीला प्रश्न पडला, "इंजिनात आपण ३० घालतो. ९० म्हणजे तिप्पट जाड?" तसं नाही. इंजिनाची आणि गिअरची मोजपट्टी वेगळी आहे. गिअरचं ९० म्हणजे जाडीला इंजिनाच्या ४०-५०च्या आसपास. पुढचा 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, थंडीचा आकडा. ७५ डब्ल्यूचं तेल उणे ४० अंशांपर्यंत गिअरना पुरेसं हलू देतं, ८० डब्ल्यू उणे २६ पर्यंत, ८५ डब्ल्यू उणे १२ पर्यंत. रॉचेस्टरच्या जानेवारीत सकाळी गाडी सुरू करणाऱ्याला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. तेव्हा ७५ डब्ल्यू-९० घेतलं की पुस्तकातल्या दोन्ही ओळी एकाच बाटलीत येतात. थंडीत ते थिजत नाही आणि तापल्यावर ९० नंबरच राहतं. सिंथेटिक घेतलं तर ही दोन्ही टोकं जास्त चांगली सांभाळली जातात. मग १४० का नको? कारण जाड तेल घुसळायलाही ताकद लागते आणि त्या घुसळण्यातून उष्णताच वाढते. शर्यतीत तासन् तास पिळून काढलेल्या किंवा जड ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ते लागू शकतं. दोन बॅगा आणि एक मुलगी घेऊन सरळ हायवेनं जाणाऱ्या हलक्या गाडीला नाही.

तिसरा तुकडा सगळ्यात नाजूक: ती वेगळी बाटली. साध्या डिफरन्शियलचा एक दोष आहे. एक चाक बर्फावर गेलं की ते गरगर फिरत राहतं, दुसरं ढिम्म बसतं आणि गाडी तिथेच. वर्षाला सरासरी शंभर इंच बर्फ पडणाऱ्या गावात हा दोष सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरचा उपाय म्हणजे लिमिटेड स्लिप. त्याचे प्रकार मात्र वेगवेगळे. जुन्या अमेरिकन गाड्यांत क्लचच्या चकत्या असत आणि अजूनही काही गाड्यांत असतात. त्या चकत्या वळणावर अडखळून घरघरू नयेत म्हणून तेलात एक खास मिसळ लागते. एके काळी अशा तेलांत स्पर्म व्हेल माशाचं तेल वापरत. १९७० साली अमेरिकेनं त्या माशाला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि रसायनवाल्यांना पर्याय शोधावे लागले. वाळवंटातल्या होहोबाच्या बियांचं तेल त्यांतलाच एक. मंडळातल्या तिसऱ्या तज्ज्ञांचा सल्ला या चकत्यांच्या गाडीसाठी अगदी योग्य होता. आमच्या गाडीत काय होतं?

मिआटाला १९९३ पर्यंत मिळायचा तो प्रकार चिकट द्रवाच्या बंद डब्याचा होता. १९९४ पासून टॉर्सन नावाचा मिळू लागला. काही गाड्यांत यांतलं काहीच नसे. मागची चाकं उचलून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक हातानं फिरवलं. साधा प्रकार असेल तर दुसरं बहुधा उलट फिरतं. आमचं त्याच दिशेनं फिरलं. म्हणजे काहीतरी होतं, पण कुठलं? एवढ्यावर मी वहिनींना शब्द देणार नव्हतो.

उत्तर वहिनींनीच काढलं. "त्याची ती हिरवी फाईल पाहिलीत का?" कपाटाच्या वरच्या खणात, पासपोर्ट आणि मुलीच्या जन्मदाखल्याच्या शेजारी, गाडीची फाईल होती. त्यात नव्या गाडीच्या काचेला चिकटवलेला असतो तो कागद, नीट सोलून, घडी करून ठेवलेला. सिनेटर मन्रोनी यांनी पुढाकार घेतलेल्या १९५८च्या कायद्यानं प्रत्येक नव्या गाडीवर किंमत आणि जोडलेल्या वस्तूंची यादी लावणं सक्तीचं झालं, तो हा कागद. यादीत एका ओळीत लिहिलं होतं: टॉर्सन लिमिटेड स्लिप.

आता या योगायोगाला काय म्हणावं? टॉर्सनचा शोध व्हर्नन ग्लीसमन यांचा, पेटंट १९५८चं, आणि १९८२ साली त्याचे हक्क विकत घेतले ते आमच्या गावच्या त्याच ग्लीसननं. अमेरिकन लष्कराच्या हमव्हीत तो बसला, ऑडीच्या क्वाट्रोत बसला, आणि माझ्या मित्राच्या लाल गाडीतही. या प्रकारात चकत्या नाहीत, चिकट द्रव नाही. नुसते गिअर, एकमेकांत गुंतलेले. ज्या चाकाला पकड आहे त्याच्याकडे ते आपोआप जास्त जोर वळवतात. चकत्याच नाहीत, तर चकत्यांची मिसळ कशाला? उलट त्याचं सगळं काम गिअरांच्या आपसातल्या घर्षणावर चालतं. ते उगाच निसरडं करायचं कारण नाही. साधं, चांगल्या प्रतीचं जीएल-५ त्याला पुरतं. दुकानातली जादा बाटली परत गेली.

रविवारी सकाळी गाडी गल्लीतून दोन फेऱ्या मारून आणली, म्हणजे तेल कोमट होऊन सगळं वाहून येईल. मग चारही बाजूंनी जॅक-स्टँडवर सपाट उभी केली. इथे घरी काम करणाऱ्यांसाठी एक नियम सांगतो, तो कात्रण काढून ठेवा. या गोळ्याला दोन बुचं असतात, वरचं भरायचं आणि खालचं सोडायचं. आधी वरचं उघडून पाहायचं. गंजून ते अडकलेलं असेल आणि तुम्ही खालचं आधी सोडलंत, तर तेल गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं घेऊन रविवारभर बसायचं.

वरचं बूच मुलीनं उघडलं. निघालं. मग खालचं. काकवीसारखं काळपट तेल परातीत उतरू लागलं आणि गॅरेजभर तो वास पसरला. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "हिंगाची डबी सांडली का रे कुणी?" गंधकाचीच भावंडं ती, हिंगातही त्याचीच संयुगं असतात. पण मग त्या जरा थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "असाच यायचा. त्याच्या शर्टाला." आणि आत गेल्या नाहीत, तिथेच पायरीवर बसल्या.

मी परातीकडे पाहत होतो. माझा शब्द त्या परातीत होता. पाणी शिरलं असतं तर तेल चहासारखं दुधाळ दिसलं असतं. तसं नव्हतं. खालच्या बुचाला लोहचुंबक असतं, त्यावर काळा, लोण्यासारखा मऊ लेप होता. बोटांत चोळून पाहिला. कण लागत नव्हते, कपची नव्हती, दाताचा तुकडा नव्हता. पाच वर्षांची नेहमीची झीज, बस. मुलीनं टॉर्च धरला आणि मी बुचाच्या भोकातून दिसतील तेवढे दात पाहिले. चकचकीत, अखंड.

मी वळून वहिनींना सांगितलं, "गाडी ठीक आहे. जाऊ द्या तिला."

त्या काही बोलल्या नाहीत. पदरानं डोळे टिपले आणि पोहे करायला उठल्या. आमच्याकडे निर्णय असेच जाहीर होतात.

या गोळ्यात तेल मावतं एक लिटर. अमेरिकन क्वार्टच्या बाटलीत येतं ९४६ मिलिलिटर. म्हणून बाटल्या दोन घ्याव्या लागतात, चार चमच्यांसाठी. नवं तेल शेंगदाण्याच्या तेलासारखं सोनेरी. वरच्या भोकातून ते बाहेर ओघळू लागलं की भरलं असं समजायचं. मुलीनं बूच आवळलं, पुसलं. जुनं तेल बाटल्यांत भरून आम्ही दुकानात परत देऊन आलो. ते गटारात ओतायचं नसतं.

मला राहून राहून वाटत होतं की 'बाबांनी घातलेलंच' हा तिचा हट्ट आपण पुरा केला नाही. त्यानं कुठल्या कंपनीचं घातलं होतं, हे आता कधीच कळणार नाही. तसं तिला म्हणालोही. तिनं हात पुसता पुसता उत्तर दिलं, "पण काका, बाबा पण पुस्तक बघूनच ठरवत असणार ना? मग जे निघालं तेच त्यांचं." एकोणतीस वर्षांची गाडी आणि सत्तावीस वर्षांची मुलगी. दोघींची देखभाल त्यानं चांगली केली होती.

निघायच्या दिवशी वहिनींनी डॅशबोर्डवर हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मागच्या डिकीत चकली-चिवड्याचे इतके डबे भरले की मी म्हटलं, आता मात्र १४० नंबर लागेल. आई उंबऱ्यात थांबली, मुलगी वळणावरून दिसेनाशी झाली. त्या दोघींचे वेग आता वेगळे असणार, अंतरंही वेगळी. त्याला इलाज नाही, आणि तसं असायलाही हवं.

पाचव्या दिवशी रात्री तिचा फोटो आला. फीनिक्समधल्या घराच्या पायरीवर ठेवलेली लाल खतावणी, उघडी. वडिलांच्या अक्षराखाली तिचं, रविवारच्या मराठी शाळेत शिकलेलं, जरा गोल आणि वेलांट्या चुकलेलं अक्षर: 'ऑक्टोबर २०२३. मागचं तेल बदललं. जिएल-५, ७५ डब्लू-९०, १ लीटर. वेगळी मिसळ नाही. काका आणि मी.' आणि त्यापुढे, थोडी जागा सोडून, 'नेहमिचं.'